उंच डोंगरात सॅलॅमँडर शोधायचा तर दगडाआधी पाणी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैच्या सुरुवातीला, तीन हजार मीटरच्या वर, बर्फाचे पट्टे अजून शिल्लक असताना दोन दिवस स्वच्छ उन्हात शे-दोनशे दगड उलटून पाहिले, एकही सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा, ओलसर त्वचेचा उभयचर प्राणी) दिसला नाही. जागा चुकली, वेळ चुकली की पद्धत?

जागा बहुतेक बरोबर होती. चुकली ती वेळ, आणि दगडांची निवडही. शे-दोनशे दगड उलटावे लागले याचाच अर्थ कुठला दगड उलटायचा नाही हे आधी ठरलेलं नव्हतं. उंचावरच्या चांगल्या जागेत एका संध्याकाळी वीस-पंचवीस दगड पुरतात. बाकीचं काम डोळ्यांनी आणि हाताने करायचं असतं.

सॅलॅमँडर उंचीवर नेमका कशाने अडतो ते आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. थंडीने तो फारसा अडत नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडातला माउंट लायल सॅलॅमँडर (हायड्रोमँटीस प्लॅटिसेफॅलस) गोठणबिंदूच्या आसपासही हिंडताना सापडतो. अडवतो तो कोरडेपणा. हा प्राणी प्लेथोडॉन्टिडी कुळातला, म्हणजे त्याला फुप्फुसंच नाहीत. त्वचा आणि तोंडाच्या आतलं अस्तर एवढ्यावरच श्वास चालतो, आणि ओलं राहिलं तरच ते काम करतं. फुप्फुसं असलेल्या जातींनाही त्वचेतून पाणी उडून जाण्याचा धोका तेवढाच असतो.

इथे आर्द्रतामापकाचा आकडा फसवतो. २० अंशांची ८० टक्के आर्द्रता आणि ५ अंशांची ८० टक्के आर्द्रता सारखी नाही. २० अंशांच्या हवेत संपृक्त व्हायला अजून सुमारे ४.७ हेक्टोपास्कल बाष्पदाबाची जागा उरलेली असते, ५ अंशांच्या हवेत साधारण १.७. म्हणजे त्याच ८० टक्क्यांना उबदार हवा अडीचपटीहून जास्त ताकदीने ओल ओढते. थंड रात्री ७५ टक्के आर्द्रतेतही काम जमून जातं, उबदार संध्याकाळी ८५ टक्क्यांतही जमत नाही. त्यात वारा असेल तर दोन्ही आकडे बाजूला ठेवा. गवताची पाती सतत हलत असतील एवढा वारा असला की उघड्यावरचे प्राणी कपारीत परततात. मी निघण्याआधी हवामानाच्या अंदाजात पहिलं वाऱ्याचं कलम बघतो, पावसाचं नंतर.

आता, कुठला सॅलॅमँडर? "उंच डोंगरातला सॅलॅमँडर" म्हणून एकच शोधपद्धत नसते. जन्म कुठे होतो यावर शोधायची जागा ठरते.

आल्प्समधला काळा सॅलॅमँड्रा आट्रा पाण्यात जातच नाही. मादी बहुधा दोनच पिल्लं देते, तीही पूर्ण वाढलेली, जमिनीवर चालणारी. गर्भकाळ उंचीप्रमाणे दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त. त्यामुळे तळी धुंडाळण्यात अर्थ नाही. कुरणं, बुटकी झुडपं, जंगलाची वरची कड आणि चुनखडीच्या दगडांचे खच हे त्याचं राज्य. माउंट लायल सॅलॅमँडरलाही पोहणारी अळी-अवस्था नसते, पण त्याला ग्रॅनाइटवरून वाहणारा पाण्याचा पातळ थर लागतो. तिबेटच्या पठाराच्या पूर्व कडेचे बॅट्राक्युपेरस मात्र थंड ओढ्यातच राहतात, काही चार हजार मीटरच्या आसपासही; अंडी पाण्यातल्या दगडांच्या खालच्या बाजूला चिकटवतात. पिरेनीजमधला कॅलोट्रायटन आस्पर हाही ओढ्याचाच. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा लांबबोट्या अँबिस्टोमा मॅक्रोडॅक्टिलम उंचावरच्या तळ्यांत अंडी घालतो आणि तिथे त्याच्या अळ्या एकापेक्षा जास्त हिवाळे पाण्यात काढतात. दार्जिलिंग आणि पूर्व नेपाळच्या बाजूचा टायलोटोट्रायटन पावसाळ्यात डबक्यांकडे उतरतो. तेव्हा पहिला प्रश्न "किती उंचीवर" हा नसून "हा अंडी कुठे घालतो, की घालतच नाही" हा आहे. तुमच्या वर्णनावरून शोध पहिल्या दोन प्रकारांतला, उघड्या खडकावरचा दिसतो, म्हणून त्यावर जास्त बोलतो.

निघण्याआधीचं काम नकाशावर होतं. उन्हाळ्यात उशिरापर्यंत बर्फ कुठे टिकतं हे उपग्रहचित्रांत दिसतं. एकाच जागेची मागच्या तीन-चार वर्षांची जुलै-ऑगस्टची चित्रं लावून बघा. दरवर्षी त्याच खळग्यात पांढरा डाग उरत असेल तर त्याच्या खालच्या उतारावर पाझर असणार. उत्तर गोलार्धात हे डाग बहुतेक उत्तरेकडच्या आणि ईशान्येकडच्या उतारांवर, कड्यांच्या पायथ्याशी असतात. डागाखाली सलग कातळ आहे की मोकळा मुरूम, हेही बघा. मुरमात पाणी लगेच खाली मुरतं आणि वरचा थर आठवड्याभरात कोरडा पडतो. सलग कातळावर पाणी वरच राहतं, दगड त्या ओल्या पृष्ठभागावर टेकलेले असतात, आणि आपल्याला हवी असलेली फट तिथे तयार होते.

तापमानाचा अंदाज खोऱ्यातल्या आकड्यावरून काढता येतो. दर १,००० मीटरला सरासरी ६.५ अंश उतार धरा. १,२०० मीटरवरच्या गावात रात्री नऊ वाजता १८ अंश असतील तर ३,२०० मीटरवर ५ च्या आसपास. निरभ्र रात्री जमीन उष्णता झपाट्याने सोडते, तेव्हा दोन-तीन अंश आणखी वजा करा. ढगाळ रात्र म्हणूनच जास्त उपयोगाची: थंडी हळू उतरते, हवा दमट राहते, शोधाचा वेळ तासाभराऐवजी तीन-चार तास मिळतो.

वितळपाण्याचं वेळापत्रक दिवसाचंही असतं. सूर्य वर आल्यावर वितळणं सुरू होतं, पण पाझराला पाणी चढतं दुपारनंतर, आणि भर असते संध्याकाळी. मध्यरात्रीनंतर ओघ आटतो, उथळ थर गोठतो. हवेतली कोरड कमी झालेली आणि कातळावर पाणी अजून भरपूर, असा काळ सूर्यास्तानंतरच्या पहिल्या तीन तासांत मिळतो. भर उन्हात दगड उलटणाऱ्याला नेमका हाच काळ गाठता येत नाही, कारण तोवर तो दमून तंबूत गेलेला असतो. आल्प्समधल्या काळ्या जातीचं गणित थोडं वेगळं. ती पावसावर चालते. वळवाची सर येऊन गेली, वारा पडला, की भर दिवसाही वाटेवर दिसते. कोरड्या आठवड्यात त्याच वाटेवर रात्रीही नाही. पहाटेचा ओलसर काळ तिच्यासाठी राखून ठेवा.

माउंट लायल सॅलॅमँडर विज्ञानाला कसा कळला हे इथे कामाचं आहे. १९१५ साली योसेमिटीत लायल खोऱ्याच्या माथ्याशी, सुमारे ३,३०० मीटरवर, लहान सस्तन प्राण्यांसाठी रात्रभर लावलेल्या उंदरांच्या सापळ्यांत तो सापडला. चार्ल्स कँप यांनी १९१६ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ज्या उतारावर दिवसा काहीच दिसत नाही, तिथे रात्री हा प्राणी उघड्यावर फिरतो, ही गोष्ट त्या सापळ्यांनीच दाखवून दिली होती. तरीही आजही बरेच लोक दिवसाच जातात.

जागेवर पोचल्यावर बर्फाच्या कडेपासून सुरुवात करा. कडेला अगदी चिकटून नाही. तिथे जमीन चिखलमय असते किंवा खाली पोकळी असते. मी साधारण दोन ते पंधरा मीटरचा पट्टा धरतो. या पट्ट्यात तीन प्रकारचं पाणी दिसतं. खळाळून वाहणारं: ते सोडा, खडकावरचा सॅलॅमँडर त्यात टिकत नाही. साचलेलं: तेही सोडा. तिसरं, जे वाहतंय हे पटकन कळतच नाही. कातळ नुसता चकाकत असतो, बोट आडवं ठेवलं की वरच्या बाजूला पाणी किंचित फुगतं आणि दोन्ही अंगांनी वळसा घालून जातं. थराची जाडी दोन-तीन मिलिमीटर. हा थर जिथे एखाद्या सपाट दगडाखाली शिरतो आणि खालच्या कडेने परत बाहेर येतो, तो दगड लक्षात ठेवा.

दगडाचा आकार: लांबी-रुंदी २५ ते ५० सेंटिमीटर, जाडी किमान दहा, शक्य तर पंधरा. याला कारण आहे. ग्रॅनाइटमध्ये दिवसभराच्या तापमानाचा चढउतार सुमारे १९ सेंटिमीटर खोलीवर एक-तृतीयांशाच्या थोडा वर उरतो. पाच सेंटिमीटरचा पातळ दगड दुपारपर्यंत आरपार तापतो. त्याखाली ओल असली तरी ती कोमट असते. उलट ६० सेंटिमीटरच्या वरचे धोंडे उलटायच्या भानगडीत पडू नका. ते नीट परत बसत नाहीत, बोटं चिरडतात, आणि उतारावर एकदा सुटले की थांबत नाहीत.

उलटण्याआधी तीन गोष्टी तपासा. दगडाच्या कडेशी हाताची मागची बाजू टेकवा. शेजारच्या उघड्या कातळापेक्षा थंड लागली पाहिजे. मग जमिनीच्या पातळीवर डोळा नेऊन बघा: खाली काळी, सलग फट दिसते का? पाच ते पंधरा मिलिमीटरची फट उत्तम. दगड सगळीकडून मातीत रुतलेला असेल तर आत जागा नाही; एका बाजूने चार बोटं उचललेला असेल तर आत वारा खेळतो. तिसरं, कडेला कोळ्याचं सुकं जाळं किंवा कोरडी धूळ जमलेली असेल तर तो दगड पाण्याचा नाही. एवढं बघितलं की शंभरातले ऐंशी दगड हात न लावता बाद होतात.

उचलायची पद्धत अशी. उताराच्या आडव्या बाजूला बसा, दगडाच्या खाली नको. दूरची कड जागेवर ठेवून जवळची कड उचला, म्हणजे दगड बिजागरीसारखा उघडतो आणि त्याची बसायची जागा हरवत नाही. उचलल्यावर पाच-सहा सेकंद काहीही करू नका. नजर आधी दगडाच्या खालच्या पृष्ठभागावर जाऊ द्या, कारण प्राणी बऱ्याचदा वर चिकटलेला असतो, जमिनीवर नाही. मग जमीन, मग उताराची खालची बाजू. हे शेवटचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: माउंट लायल सॅलॅमँडर दचकला की अंगाचं वेटोळं करून उतारावरून गडगडत जातो. दगडाखाली काही नाही असं वाटतं तेव्हा तो हातभर खाली, खड्यांत, खड्यासारखाच पडलेला असतो. त्याचा रंग राखाडी-तपकिरी, ग्रॅनाइटच्या ठिपक्यांशी जुळणारा. अंग आणि डोकं चपटं. काळा आल्पाइन सॅलॅमँडर ओल्या मातीत गोगलगायीच्या काळ्या भावंडासारखा, बिनशंखाच्या स्लगसारखा दिसतो. पाय दिसेपर्यंत निर्णय देऊ नका.

परत ठेवताना प्राणी आधी बाजूला घ्या, दगड मूळ जागी बसवा, आणि मग प्राण्याला कडेशी सोडा. तो स्वतः आत जाईल. प्राणी जागेवरच ठेवून वरून दगड टेकवला की चिरडण्याची शक्यता असते, आणि ते आपल्याला कळतही नाही. शेवाळाची बाजू वर, ओलसर काळी बाजू खाली. नीट बसला की नाही याची खूण सोपी आहे: दगडाभोवती फिक्या रंगाची नवी रेघ दिसता कामा नये. रेघ दिसली तर दगड सरकला आहे, फट बदलली आहे, आणि आतली ओल टिकणार नाही. एका पाझरावरच्या योग्य दगडांपैकी चौथा हिस्सा उलटला की थांबावं, आणि तीच जागा दोन आठवडे तरी परत उलटू नये. हा माझा नियम आहे. काही संरक्षित क्षेत्रांत दगड हलवायलाच परवानगी लागते, तिथे तिथला नियम चालतो.

रात्रीचा शोध मला दगड उलटण्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. नुकसान जवळपास शून्य, आणि प्राणी काय करतोय हेही दिसतं. डोक्यावरचा दिवा एकटा पुरत नाही. डोळ्यांच्या रेषेतून पडणाऱ्या उजेडात सावल्या दिसत नाहीत आणि ओला कातळ सगळाच चमकतो. दुसरा दिवा हातात, गुडघ्याच्या उंचीवर, तिरपा धरा. लहानशा उंचवट्यालाही सावली पडते आणि सॅलॅमँडरची गोल पाठ कातळाच्या कंगोऱ्यांतून वेगळी काढता येते. डोळ्यांच्या चमकेवर विसंबू नका. लखलखणारे हिरवे ठिपके बहुतेक कोळ्यांचे असतात. उजेड मध्यम ठेवा. प्रखर झोताने प्राणी थिजतो किंवा वळून कपारीत जातो, आणि धुक्यात तर तोच झोत तुमच्या डोळ्यांवर परत येतो.

वेग फार महत्त्वाचा. पाझराच्या पन्नास मीटर पट्ट्याला अर्धा तास द्या. चार पावलं, थांबा, तीन मीटरचा अर्धवर्तुळ नजरेखालून घाला, पुन्हा चार पावलं. उभ्या किंवा कललेल्या कातळावर नजर कमरेपासून डोक्यापर्यंत न्या. लायल सॅलॅमँडरच्या बोटांमध्ये पडदा असतो आणि गुळगुळीत चढावर तो शेपटीचं टोक टेकवून पाचव्या पायासारखं वापरतो. आपण जिथे हाताने धरू शकत नाही तिथे तो आरामात असतो. लिथियमच्या बॅटऱ्या थंडीत जास्त टिकतात. राखीव जोडी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

कपारीत बघायला बोअरस्कोप, म्हणजे लवचिक दांड्याचा छोटा कॅमेरा चालतो, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. एक मीटर दांडा, आठ मिलिमीटरच्या आतलं डोकं, उजेड कमी-जास्त करता येणारा एवढं पुरे. सरळ भेगेत तो चांगला चालतो, वळणदार दगडखचात अडकतो. ओढून काढताना शेवाळाचा थर खरवडला जातो, म्हणून दोनदा अडकला की सोडून द्या. लाकडी फळ्या ठेवून त्यांखाली प्राणी येण्याची वाट बघायची पद्धत सखल जंगलात छान आहे. वृक्षरेषेच्या वर फळी उन्हावाऱ्याने वाळते, वाकते, आणि बर्फ तिला घेऊन जातं.

ओढ्यातल्या जातींसाठी बारीक जाळी लागते, छिद्र साधारण तीन मिलिमीटर. जाळी दगडाच्या खालच्या प्रवाहाला, तळाशी घट्ट टेकवून धरायची आणि मग दगडाची वरच्या प्रवाहाकडची कड उचलायची. गढूळ पाणी निवळेपर्यंत जाळी हलवायची नाही. अंड्यांच्या हंगामात दगड उचलूच नयेत, कारण अंडी दगडालाच चिकटलेली असतात. पाण्याचा नमुना घेऊन त्यातल्या डीएनएवरून उपस्थिती ओळखण्याची पद्धत या जातींना लागू पडते. उघड्या खडकावर फिरणाऱ्यांसाठी तिचा उपयोग फार थोडा. तळ्यांचं तर एका वाक्यात: ज्या उंच तळ्यात ट्राउट सोडले आहेत तिथे लांबबोट्याच्या अळ्या शोधण्याआधी शेजारचं मासे नसलेलं लहान तळं बघा.

हाताळणीबद्दल लोक फार निष्काळजी असतात, म्हणून जरा कडक सांगतो. पाच अंशांवर फिरणाऱ्या प्राण्याला तीस अंशांचा उघडा तळवा म्हणजे भाजणंच. त्यात उंचीवर आपण सनस्क्रीन लावलेलं असतं, डासांचं मलम लावलेलं असतं, आणि ते त्या त्वचेतून सरळ आत जातं. शक्य तर हात लावूच नका. लावायचाच असेल तर पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे, तिथल्याच पाण्यात ओले केलेले, आणि प्रत्येक प्राण्यासाठी नवी जोडी. शेपटीला कधीही धरू नका, अनेक जाती ती टाकून देतात. पारदर्शक पिशवीत चमचाभर पाणी आणि थोडी हवा घालून प्राणी सावलीत ठेवला की वरून, बाजूने आणि पोटाकडून फोटो घेता येतात. पुढच्या पायाला चार आणि मागच्याला पाच बोटं आहेत का, नाकपुडीपासून ओठापर्यंत बारीक खाच आहे का (ती फुप्फुसं नसलेल्या कुळाची खूण), बरगड्यांच्या आडव्या घळी किती, हे फोटोत मोजता आलं पाहिजे. मोजपट्टी चौकटीत ठेवा. दोन मिनिटांत प्राणी परत जमिनीवर. नंतर डोळ्यांना हात लावू नका. सॅलॅमँड्रा वंशाच्या त्वचेतल्या ग्रंथींत विषारी अल्कलॉइड असतात.

बूट आणि जाळी धुणं हा या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा भाग. २०१३ मध्ये वर्णन झालेली बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरान्स ही बुरशी सॅलॅमँडरची त्वचा कुरतडते; नेदरलँड्समध्ये फायर सॅलॅमँडरची संख्या तिने कोसळवली. तिला १० ते १५ अंश सगळ्यात मानवतात, म्हणजे डोंगरातले ओढे तिच्या सोयीचेच. एका पाणलोटातून दुसऱ्यात जाण्याआधी ब्रशने सगळा चिखल काढा, कारण चिखलाखाली जंतुनाशक पोचत नाही. मग व्हर्कॉन एस १ टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, किमान पाच मिनिटं. लहान साधनांना ७० टक्के इथेनॉल, किमान एक मिनिट. धुवण ओढ्यापासून दूर, जमिनीवर ओता. नुसतं वाळवून भागेल असं धरू नका. बुटाच्या शिवणीत ओल दिवसेंदिवस राहते.

आपल्या जिवाचंही बघायला हवं, कारण सॅलॅमँडरला आवडणारं हवामान माणसाला मारक असतं: ओलं, थंड, अंधारं. बर्फाच्या पट्ट्याखालून पाणी वाहत असतं आणि कड पोकळ असते. वरून चालू नका, कडेच्या बाहेरून जा. दोघं-तिघं असाल तर एकाच आडव्या रेषेत काम करा, एकाच्या खाली दुसरा कधीच नको. ओल्या ग्रॅनाइटवर हिरवट-काळा बुळबुळीत थर दिसला की तिथे पाऊल नाही. दुपारी ढग रचायला लागले तर विजांच्या आधी धारेवरून उतरा. रात्रीचा शोध त्यानंतरही होतोच. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला तर रात्रीच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. शोधाचा मार्ग दिवसा उजेडात चालून पाहिलेला असावा. अंधारात नवा उतार धरू नये.

शेवटी नोंदींचं. सॅलॅमँडर दिसला नाही तरी नोंद पूर्ण लिहा: किती माणसं, किती मिनिटं, किती दगड, कातळाचं आणि जमिनीलगतच्या हवेचं तापमान, वारा, शेवटचा पाऊस कधी, बर्फाची कड किती मीटरवर. जीपीएसचं स्थान अरुंद घळीत बरंच चुकू शकतं, म्हणून ओळखीच्या खडकाचा फोटोही जोडा. दिसला तर नेमकं स्थान सार्वजनिक ठिकाणी टाकू नका, संशोधकांना किंवा वनखात्याला द्या. पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी गोळा करणारे याच नोंदी वाचतात. टायलोटोट्रायटनच्या साऱ्या जाती २०१९ मध्ये साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात घेतल्या, त्यामागे हाच व्यापार होता.

"नाही" असं कधी म्हणायचं याचं साधं गणित आहे. प्राणी असलेल्या जागी एका योग्य भेटीत तो दिसायची शक्यता ३० टक्के धरली, तर तीन भेटींत तो एकदा तरी दिसण्याची शक्यता सुमारे ६६ टक्केच होते. ९५ टक्क्यांपर्यंत जायला नऊ भेटी लागतात. हीच शक्यता ५० टक्के असेल तर पाच भेटी पुरतात. भेटीची गुणवत्ता वाढवणं हे म्हणून भेटी वाढवण्यापेक्षा स्वस्त. तुमचे दोन उन्हाचे दिवस या हिशेबात जवळपास धरताच येत नाहीत. त्याच खळग्यात, बर्फ पूर्ण संपायच्या आधी, ढगाळ आणि वारा पडलेल्या रात्री सूर्यास्तानंतर तीन तास द्या. दुपारी जाऊन वर सांगितलेले वीस दगड फक्त हेरून ठेवा, उलटू नका. आधी दोन तास दिवा घेऊन पाझरावर फिरा, आणि तरीही काही दिसलं नाही तर त्या वीसपैकी पाचच उघडा.